बाल्कांवातल्या दिव्यावर येणारे पतंग: कसे बघावेत, कसे ओळखावेत

मिरगाचे पहिले दोन पाऊस पडून गेले की संध्याकाळी बाल्कांवातल्या, म्हणजे घरापुढच्या सोप्यातल्या, दिव्याभोवती गर्दी सुरू होते. घरातून कोणीतरी सांगते, "किडे आले, दिवा बंद कर." त्या गर्दीत दोन अगदी वेगळे प्राणी मिसळलेले असतात. एक म्हणजे वाळवीची पाखरे. त्यांचे चारही पंख सारख्याच लांबीचे आणि कागदासारखे पातळ असतात, आणि सकाळी त्या पंखांचा ढीग केरसुणीने काढावा लागतो. दुसरे म्हणजे पतंग. ते थोडा वेळ घिरट्या घालतात, मग भिंतीवर एका जागी बसतात आणि पहाटेपर्यंत हलत नाहीत. त्यांना बोट लागले तर बोटावर पूड राहते.

ही पूड म्हणजे पंखांवरचे खवले. कौलांसारखे एकमेकांवर रचलेले हे खवलेच पंखाला रंग आणि नक्षी देतात. ही पूड डोळ्यांत गेली तर माणूस आंधळा होतो, असा एक समज आहे. तो खरा नाही. फार तर डोळा चुरचुरेल, पाण्याने धुतला की झाले.

खवलेदार पंखांच्या या गटात फुलपाखरेही येतात. जगात आतापर्यंत नाव दिलेल्या फुलपाखरांच्या जाती साधारण १८ हजार आहेत, आणि पतंगांच्या सुमारे १ लाख ६० हजार. वंशवृक्ष मांडला तर फुलपाखरे ही पतंगांच्याच झाडाची एक फांदी ठरते, म्हणजे दिवसा उडू लागलेली, रंगीत झालेली आणि म्हणून आपल्या नजरेत भरलेली फांदी. पिसोळ्यांसाठी, म्हणजे फुलपाखरांसाठी, कॅमेरे घेऊन गोव्याच्या सत्तरी तालुक्यात जाणारे बरेच लोक त्या झाडाचा बाकीचा सगळा पसारा घरच्या दिव्याखाली सोडून जातात.

दोघांतला फरक मिशांवरून कळतो. फुलपाखराची मिशी आगकाडीसारखी असते, टोकाला गाठ. पतंगाची मिशी दोऱ्यासारखी निमुळती असते किंवा पिसासारखी झुपकेदार. झुपकेदार मिशी बहुधा नराची. मादीने हवेत सोडलेला गंध पकडण्यासाठी या मिशीचा पृष्ठभाग मोठा झालेला असतो. बहुतेक पतंगांमध्ये मागच्या पंखाच्या मुळाशी एक राठ केस असतो आणि तो पुढच्या पंखाखालच्या आकड्यात अडकून दोन्ही पंख एकत्र हलवतो, पण हे बघायला भिंग लागते. "रात्री उडतो तो पतंग" ही व्याख्या मात्र सोडून द्या. घाटातल्या पायवाटांवर भर दुपारी संथपणे उडणारा निळा-जांभळा डिस्फॅनिया हा पतंगच आहे. रस्त्याकडेच्या खुळखुळ्याच्या झुडपांवर दिवसा उडणारा, पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके असलेला युटेथायसाही पतंगच.

रंग नको, बैठक बघा

नवखा माणूस आधी रंग बघतो आणि तिथेच गोंधळतो, कारण भिंतीवरचे निम्मे पतंग तपकिरी असतात. आधी बैठक बघावी. बसल्यावर पंख कसे ठेवलेत, एवढ्यावरून कुळापर्यंत पोहोचता येते.

चारही पंख सपाट पसरून भिंतीला चिकटवल्यासारखा बसलेला, अंगाने बारीक, पंखांवरच्या रेघा पुढच्या पंखावरून मागच्या पंखावर अखंड गेलेल्या: हे जिओमेट्रिड कूळ. नावाचा अर्थच "जमीन मोजणारे". त्यांच्या अळीला पोटाच्या मधले पाय नसतात, फक्त मागच्या टोकाला दोन जोड्या असतात. म्हणून ती कमान करत, वितीने मोजत असल्यासारखी चालते. धोका वाटला की मागच्या पायांनी फांदी धरून ताठ उभी राहते, आणि मग ती अळी आहे की काटकी हे हात लावल्याशिवाय कळत नाही.

पंख कौलारू घराच्या पाख्यांसारखे उतरते ठेवून बसलेला, अंगाने जाड आणि केसाळ: बहुधा नॉक्टुइड किंवा त्याच्या जवळच्या कुळातला. अरुंद, टोकदार पुढचे पंख मागे ओढून लढाऊ विमानासारखा बसलेला आणि अंगठ्याएवढ्या जाड अंगाचा असेल तर हॉक मॉथ. लहानसा त्रिकोण, लांब पाय, पुढे काढलेले नाक आणि पाठीवर मागे टाकलेल्या लांब मिशा असतील तर क्रॅम्बिड. पावसाळ्यात दिव्यावर या कुळाची गर्दी फार असते. नाजूक "टी" अक्षर भिंतीवर उभे असेल तर प्लूम मॉथ. त्याचे पंख पिसांसारखे चिरलेले असतात आणि बसताना तो ते गुंडाळून काडीएवढे बारीक करतो.

याखेरीज तांदळाच्या दाण्याहून लहान पतंग असतात आणि ते आपण धूळ समजून पुसून टाकतो. पतंगांचे सगळ्यात कमी पाहिलेले वैविध्य तिथेच आहे. काजूच्या कोवळ्या तांबूस पानांवर फोडासारखे पांढुरके डाग दिसतात, तो फोड उजेडापुढे धरा. पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये एक चपटी अळी आणि तिची काळी विष्ठा दिसेल. हा काजूवरचा पाने पोखरणारा पतंग, अ‍ॅक्रोसर्कॉप्स. त्याच्या अळीचे जवळजवळ सगळे आयुष्य कागदाएवढ्या जाडीच्या खोलीत जाते. कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत), पोरसात, रस्त्याकडेला अशा नागमोडी रेघा आणि फोड असलेली पाने शोधली तर दिव्याशिवाय, दिवसाउजेडीही पतंगांचा अभ्यास होतो.

दुसऱ्या टोकाला मोठे रेशीमपतंग. पश्चिम घाटातल्या अ‍ॅटलस पतंगाचे पसरलेले पंख वीतभर भरतात आणि पंखाचे टोक सापाच्या डोक्यासारखे दिसते. फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा मून मॉथ अंबाडा आणि मोई यांसारख्या झाडांवर वाढतो. टसर पतंगाची अळी ऐनावर वाढते, म्हणजे गोव्यातल्या माट्टीवर. तिचा कोश देठाने फांदीला टांगलेला, अंड्याच्या आकाराचा आणि कवचासारखा कडक असतो. उन्हाळ्यात पाने गळाली की नजरेला पडतो. या तिघांनाही प्रौढपणी खाण्याजोगे तोंड नसते. अळी असताना साठवलेल्या चरबीवर ते थोडे दिवस जगतात, जोडीदार शोधतात, अंडी घालतात आणि मरतात. म्हणून दिव्याभोवती वाया गेलेली एक रात्र त्यांना फार महाग पडते.

दिव्याकडे का येतात

पतंगाला उजेड आवडतो म्हणून तो येतो, असे आपण धरून चालतो. चंद्राच्या आधाराने दिशा राखताना दिव्याने फसतो, हेही अनेक वर्षे सांगितले गेले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, वेगवान कॅमेऱ्यांनी केलेल्या अभ्यासात वेगळेच चित्र दिसले. उडणारा कीटक आपली पाठ सतत उजेडाच्या बाजूला ठेवतो. रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, त्यामुळे पाठ उजेडाकडे ठेवली की अंग आपोआप सरळ राहते. कोट्यवधी वर्षे ही युक्ती चालली. दिवा मात्र बाजूला असतो. पतंग त्याच्याकडे पाठ वळवतो, त्यामुळे तिरपा होतो, तिरपा झाला की वळतो आणि वळत वळत दिव्याभोवतीच फिरत राहतो. दिव्याच्या वरून जात असेल तर उलटा होऊन खाली कोसळतो. तो दिव्याकडे ओढला जात नाही, दिव्यापाशी अडकतो. त्याच प्रयोगांत कण्हेरीवरचा हॉक मॉथ मात्र दिव्यावरून सरळ उडून गेला, म्हणजे सगळ्यांचे वागणे सारखे नाही.

यातून एक कामाची गोष्ट निघते. उघडा, वर-बाजूला सगळीकडे उजेड फेकणारा दिवा सर्वात जास्त पतंग अडकवतो. वरून टोपी असलेला, उजेड फक्त खाली पाडणारा, पिवळसर रंगाचा दिवा सर्वात कमी. पांढऱ्या-निळसर एलईडीऐवजी अंगणात पिवळा दिवा लावला आणि झोपताना बंद केला तर एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

पडदा कसा लावावा

बघण्यासाठी मात्र थोडा वेळ दिवा लागतोच. पांढरी सुती चादर, साधारण सहा फूट बाय चार फूट, दोन खांबांना ताणून बांधा आणि तिचा खालचा दोन फूट भाग जमिनीवर पसरा, कारण कोसळणारे पतंग तिथे पडतात. पॉलिस्टरची चादर नको, तिच्यावर पायांची पकड नीट बसत नाही. दिवा चादरीच्या मध्यापासून फूटभर पुढे टांगा. चुना लावलेली पांढरी भिंतही चालते, आणि गोव्याच्या पावसात तीच जास्त सोयीची. बाल्कांवाच्या छपराखाली वारा आणि पाणी दोन्ही अडतात.

अभ्यासक १६० वॉटचा मर्क्युरी व्हेपर बल्ब वापरतात. त्याला वेगळा चोक लागत नाही. त्यातून अतिनील किरणही बाहेर पडतात आणि पतंगांच्या डोळ्यांना ते चांगले दिसतात. पण त्याची काच भयंकर तापते आणि तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला तरी ती फुटू शकते, म्हणून वर आडोसा हवाच. एकदा विझला की लगेच पेटत नाही, काही मिनिटे थंड व्हावा लागतो. पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नका. त्याच्याकडे एकटक बघू नका. जोडणी जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवा; ओल्या अंगणात अनवाणी पायांनी प्लगला हात लावणे म्हणजे जिवाशी खेळ. हे सगळे नको असेल तर २० वॉटचा काळा अतिनील सीएफएल पुरतो. पतंग कमी येतात, धोकाही कमी.

वेळ अंधार पडल्यापासून मध्यरात्रीपर्यंत. लहान क्रॅम्बिड आणि जिओमेट्रिड आधी येतात, मोठे रेशीमपतंग पुष्कळदा मध्यरात्र उलटल्यावर. ऊबदार, ढगाळ, वारा पडलेली रात्र उत्तम, आणि रिपरिप पाऊस असला तरी बिघडत नाही. कोरड्या महिन्यांत अमावास्येच्या आसपासचे चार-पाच दिवस धरा, कारण पौर्णिमेला पडदा रिकामा राहतो. सर्वात भरगच्च रात्री जूनमध्ये आणि पुन्हा पाऊस ओसरताना, चवथीनंतरच्या आठवड्यांत मिळतात.

काही गोष्टी हमखास बिघडतात. पहिली पाली. दिव्याजवळच्या पाली तासाभरात निम्मा पडदा साफ करतात, म्हणून चादर भिंतीपासून हातभर लांब ठेवा. दुसरी मुंग्या. जमिनीवर पसरलेल्या चादरीच्या कडेने त्या रांग लावतात, म्हणून बांधण्याआधी जागा बघून घ्या. तिसरी कान. पडद्याजवळ तोंड नेऊन फोटो काढताना लहान पतंग किंवा भुंगा कानात शिरतो, त्यामुळे कापसाचा बोळा आधीच घालावा. शिरलाच तर काडी घालू नका, डॉक्टरकडे जा. चौथी आणि सर्वात वाईट चूक म्हणजे दिवा रात्रभर ठेवून झोपी जाणे. उजाडताच बुलबुल, कोतवाल आणि दयाळ येऊन उघड्यावर बसलेले सगळे पतंग वेचून नेतात. दोन-तीन तासांनी दिवा बंद करा, चादरीवरचे पतंग हलक्या हाताने झुडपांत झटका आणि घडी घालण्याआधी प्रत्येक चुणी तपासा. एकाच जागी रोज दिवा लावू नका. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्ये आहेत, तिथे रात्री दिवा लावायचा असेल तर वनखात्याची परवानगी लागते. आपल्या गावातल्या कुळागराची कड सुरुवातीला पुरेशी आहे.

काही पतंग दिव्याला येतच नाहीत. त्यांच्यासाठी गोड लेप. अर्धा किलो काळा गूळ, दोन-तीन पार पिकलेली केळी आणि वाटीभर पाणी दाट होईपर्यंत शिजवा, एक दिवस आंबू द्या, वर दोन चमचे फेणी किंवा उराक घाला. सूर्यास्ताला जुन्या ब्रशने झाडांच्या खोडांवर डोळ्यांच्या उंचीला लावा आणि तासाभराने लाल कागद लावलेली विजेरी घेऊन फिरा. पातळ झाला तर ओघळून जातो, जाड झाला तर मुंग्यांचेच जेवण होते. इथे फळांचा रस शोषणारे युडोसिमा भेटतात. त्यांचे पुढचे पंख वाळक्या पानासारखे आणि मागचे झगझगीत नारिंगी. त्यांची सोंड मऊ नसते, टोकाला दाते असलेली कठीण असते आणि ती मोसंबी-पेरूच्या सालीतून आरपार जाते. त्यांच्या अळ्या अमृतवेलीवर, म्हणजे गुळवेलीवर वाढतात.

पडद्यापाशी एक प्रयोग अवश्य करा. किल्ल्यांचा जुडगा पतंगांजवळ जोरात खुळखुळवा. किल्ल्यांच्या आवाजात आपल्याला ऐकू न येणारे उंच स्वर असतात, वटवाघळाच्या हाकेसारखे. काही पतंग तत्काळ खाली पडतील, काही वेडेवाकडे उडतील, काही ढिम्म राहतील. पडणाऱ्यांना कान आहेत. नॉक्टुइडांचे कान छातीच्या मागच्या भागात, जिओमेट्रिडांचे पोटाच्या मुळाशी. काही टायगर मॉथ उलट टकटक आवाज करून वटवाघळाला "मी कडू आहे" असे बजावतात. मून मॉथला कान नाहीत. त्याच्या जवळच्या अमेरिकी भाऊबंदांवरच्या प्रयोगांत असे दिसले की पिळलेल्या, गरगरणाऱ्या शेपट्यांमुळे वटवाघूळ शरीराऐवजी शेपटीवर झडप घालते. तुटकी शेपटी घेऊन आलेला मून मॉथ दिसला तर तो कदाचित अशाच झडपेतून वाचलेला असेल.

फोटो आणि नाव

एकच सुंदर फोटो पुरत नाही. वरून एक, बाजूने एक आणि जमल्यास मागचे पंख दिसतील असा एक घ्या. शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवा. तारीख, वेळ, गाव आणि भोवतालची झाडे लिहून ठेवा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्यास जाणकार मदत करतात, आणि "मॉथ्स ऑफ इंडिया" या संकेतस्थळावर भारतातल्या जातींची चित्रे पडताळता येतात. जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात काढलेले भारतीय पतंगांवरचे पहिले चार खंड अजून वापरात आहेत, पण त्यांतली पुष्कळ नावे आता बदलली आहेत. नाव कुळापर्यंत किंवा प्रजातीपर्यंतच (जीनस, जातीच्या वरची पायरी) येऊन थांबले तर ते तिथेच थांबू द्या. कितीतरी जाती जननेंद्रियांचे विच्छेदन केल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत, आणि फोटोवरून ठोकून दिलेले चुकीचे नाव पुढे वर्षानुवर्षे फिरत राहते.

नुकसान करणारे किती

खोडकिडा, काळ्या डोक्याची माडावरची अळी, पाने गुंडाळणारी अळी: शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे आणि ते लहान लेखू नये. पण पिकांवर भार होणाऱ्या जाती एकूण जातींच्या मानाने मूठभरच. त्यांतल्याही काही बघण्यासारख्या आहेत. भातावरची सुरळीतील अळी पानाचा शेंडा कापते, त्याची सुरळी करून आत राहते आणि त्या होडीतून खाचरात तरंगत दुसऱ्या रोपाकडे जाते. तिला श्वसनासाठी कल्ले असतात, म्हणजे ही पाण्यात जगणारी पतंगाची अळी. म्हणूनच उपायही सोपा: पिकावरून दोर ओढून सुरळ्या पाण्यात पाडायच्या आणि खाचरातले पाणी काढून टाकायचे.

घरातल्या दमट भिंतीवर भोपळ्याच्या बीएवढी चपटी, राखाडी पिशवी हळूहळू सरकताना सर्वांनी पाहिलेली असते. तीही पतंगाची अळी. वाळूचे कण आणि धागे यांची पिशवी, दोन्ही टोकांना दारे. ती मुख्यतः कोळ्यांची जुनी जाळी, केस आणि धूळ खाते. औषध फवारू नका. जळमटे काढा, खोलीत हवा खेळू द्या.

हात लावू नये अशा अळ्याही आहेत. माड, आंबा आणि एरंडावर सापडणारी हिरवी, निळ्या पट्ट्याची, काटेरी झुबके असलेली पॅरासाची अळी आगीसारखी डसते. चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढली की रुतलेले काटे निघतात. मग साबणाने धुवा आणि बर्फ लावा. डोळ्यात गेले किंवा श्वास अडला तर लगेच दवाखाना.

याउलट पपईला फळ धरते त्यात हॉक मॉथचा वाटा मोठा. बुचाच्या लांब नळीच्या, रात्री घमघमणाऱ्या पांढऱ्या फुलांचा आकारही त्यांच्या सोंडेशी जुळलेला आहे. आणि घरट्यातल्या पिल्लांना भरवले जाणारे मऊ अन्न पुष्कळदा पतंगांच्या अळ्यांचेच असते.

एक अळी वाढवून बघा

तगरीची किंवा कण्हेरीची पाने कडेने खाल्लेली दिसली आणि खाली मिऱ्याएवढी काळी विष्ठा पडलेली असली तर वर बघा. हिरवीगार, शेपटीवर शिंग असलेली आणि मानेजवळ दोन निळे-पांढरे डोळे रंगवलेली अळी म्हणजे कण्हेरीवरचा हॉक मॉथ. ते डोळे खोटे. शिंगही टोचत नाही.

रुंद तोंडाचा डबा घ्या, तोंडाला मच्छरदाणीचे कापड बांधा आणि तळाला कागद घाला. अळी ज्या झाडावर सापडली त्याचीच ताजी पाने रोज द्या, दुसऱ्या झाडाची ती खाणार नाही. तगर आणि कण्हेरीचा चीक विषारी, म्हणून हात धुवा आणि मुलांवर लक्ष ठेवा. पाने ओली घालू नका, डब्यात बुरशी येते. अळ्या मरण्याचे हे पहिले कारण. दुसरे कारण ऊन. एके दिवशी अळीचा रंग काळपट होईल, ती खाणे सोडून डब्यात सैरावैरा फिरू लागेल. ती आजारी नसते, कोशात जायची जागा शोधत असते. तळाला दोन-तीन इंच किंचित ओलसर माती आणि वर वाळका पाला घाला आणि डबा हलवू नका.

अळीच्या अंगावर तांदळासारखे पांढरे दाणे दिसले तर ती अंडी नाहीत. लहान गांधीलमाश्यांच्या अळ्या तिला आतून खाऊन बाहेर आल्या आणि त्यांनी कोश केले. अळी वाचणार नाही, पण त्या माश्यांची नोंद करा, कारण कोणती माशी कोणत्या पतंगावर वाढते ही माहिती फार थोड्या लोकांनी गोळा केली आहे.

सगळे नीट झाले तर साधारण दोन आठवड्यांनी पतंग बाहेर येतो. त्याला चढायला खडबडीत काठी तिरपी लावून ठेवलेली हवी. गुळगुळीत प्लास्टिकवर पाय घसरले तर सुरकुतलेले पंख लटकून पसरू शकत नाहीत आणि तसेच वाळतात, मग तो कधीच उडत नाही. बाहेर आल्यावर टाकलेला द्रव रक्त नसते, कोशातली साठलेली घाण असते. पंख ताठ व्हायला काही तास द्या. अंधार पडला की डबा तगरीखाली उघडा ठेवा, आणि त्या रात्री बाल्कांवातला दिवा लावू नका.